पट्टी, पट्टा आणि न पाहिलेली मालिका

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावच्या कॅम्पातलं एक जुनं घर रिकामं झालं. घरची मंडळी परदेशी मुलाकडे निघाली होती. कपाटं, खाटा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं ओळखीपाळखीत वाटून टाकत होती. आमच्या वाट्याला एक टर्नटेबल आलं आणि त्याबरोबर सहा एलपी. पाच नाताळच्या गाण्यांच्या. सहावी मात्र निराळी निघाली. 'मायामी व्हाइस', 1985 सालची, एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतल्या गाण्यांची तबकडी.

आम्ही म्हणजे टिळकवाडीतल्या एका माडीवर दर शनिवारी संध्याकाळी जमणारे सात जण. शहापूरचे एक पेटीमास्तर, बँकेतून निवृत्त झालेले अण्णा, निपाणीहून येणारे तंबाखूचे व्यापारी ज्यांना सगळे मामा म्हणतात, मूळच्या बैलहोंगलकडच्या आणि घरात कन्नड बोलणाऱ्या अक्का, झांजपथकात ढोल आणि घरी तबला वाजवणारा एक पोरगा, त्याचा इंजिनिअरिंगला असलेला मित्र आणि मी. मी वही सांभाळतो. वहीचा नियम एकच आहे: चहा येण्याआधी प्रत्येकानं आपलं मत, 'हवं' की 'नको', लिहायचं आणि मग तोंड उघडायचं. हा नियम कडू अनुभवातून आला. आधी मास्तर बोलले की उरलेल्या सहा जणांची मतं त्यांच्याच सुरात लागायची. नंतर वही वाचली तर सात ठिकाणी एकच मत.

या तबकडीच्या निमित्तानं चार शनिवार जे घडलं ते इथे मांडतो आहे. गाण्यांच्या संमिश्र अल्बमवर लोक मत देतात, तेव्हा ते नक्की कशावर मत देतात, असा प्रश्न मला पडला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

आमच्यातल्या एकानंही ही मालिका पाहिलेली नव्हती. ती अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 1984 ते 1989 चालली. मायामी शहरातले दोन गुप्त पोलीस, अमली पदार्थांचे व्यापारी, बोटी, महागड्या मोटारी. तिचं वेगळेपण म्हणजे चालू जमान्यातली लोकप्रिय गाणी पैसे मोजून घेऊन ती थेट प्रसंगांवर टाकायची. त्यातल्या काहींचा आणि खास केलेल्या काहींचा मिळून हा अल्बम झाला. एकूण 11 रचना. त्यांतल्या 5 यान हॅमर या मालिकेच्याच संगीतकाराच्या, शब्दांविना. 2 गाणी ग्लेन फ्रायची. उरलेली फिल कॉलिन्स, चाका खान, टीना टर्नर आणि मेली मेल यांची, प्रत्येकी एक. म्हणजे रॉक, सोल, रॅप आणि यंत्रावर वाजवलेल्या धुना, सगळं एका ताटात. हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत 11 आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. हा आकडा पोरानं फोनवर वाचून दाखवला तेव्हा अण्णांनी विचारलं, "अकरा आठवडे गाणी पहिली होती, का मालिका?" तेव्हा आम्ही हसलो. पुढे तोच प्रश्न आमच्या मानगुटीवर बसला.

पहिल्या शनिवारी वहीत आलेली मतं वाईट होती. सातपैकी पाच जणांनी 'सुस्त', 'जड', 'ओढल्यासारखं' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. फिल कॉलिन्सच्या गाण्यावर मामांनी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं देतो: "ह्यो माणूस गाऊलालाय का रडूलालाय?" ढोलवाल्या पोराची तक्रार वेगळी होती. या गाण्यात ढोल येतो तो साडेतीन मिनिटं उलटून गेल्यावर. तोवर नुसतं यंत्राचं टिकटिक, लांबवलेले सूर आणि दबलेला आवाज. आणि आला की धाडकन येतो, हॉल हादरेल असा. पोरगा म्हणाला, "ढोल भारी हाय, खरं लई उशिरा. आमच्या पथकात असला थांबला तर मिरवणूक पुढच्या गल्लीत पोचंल." बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक ज्यानं पाहिली आहे त्याला ही अडचण कळेल.

मास्तर मात्र त्या दिवशी काही बोलले नाहीत. कोपऱ्यात पेटी घेऊन बसले होते आणि धुनेबरोबर हळूच बोटं फिरवून बघत होते. काळी दोन धरली तर धून खाली राहायची, एक पांढरी खाली धरली तर वर जायची. शेवटी पेटी मिटून म्हणाले, "ह्या लोकांची पट्टीच निराळी दिसतेय. आपल्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठंतरी गाऊलाल्यात."

ते ऐकून इंजिनिअरिंगवाला पोरगा उठला. एलपी मिनिटाला 33⅓ फेऱ्या फिरते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर 100. त्यानं तबकडीच्या मधल्या कागदाच्या कडेला चिठ्ठीचा बारीक तुकडा चिकटवला, हातात घड्याळ घेतलं आणि मोजायला लागला. 97 भरल्या. पुन्हा मोजलं, पुन्हा 97. पेटीच्या दोन शेजारच्या सुरांमध्ये कंपनांचा फरक सुमारे शेकडा 6 असतो, तेव्हा शेकडा 3 म्हणजे दोन सुरांच्या जवळजवळ मधोमध. पट्टी निराळी नव्हतीच, टर्नटेबलचा पट्टा सैल होता.

आठवडाभरात पट्टा बदलून आणला. खडे बाजारच्या अंगाला जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी मोटारीच्या चाकावरचं मेण झालेलं तेलही पुसून दिलं. दुसऱ्या शनिवारी आधी शंभर फेऱ्या मोजल्या, मगच सुई टेकवली.

माझी अपेक्षा होती की आता सगळी मतं पालटतील. तसं झालं नाही. साडेपाच मिनिटांच्या गाण्यात शेकडा 3 म्हणजे दहा सेकंदांचा फरक, तो कानाला कळत नाही. फरक पडला तो आवाजाच्या पोतात. टीना टर्नरचा आवाज पहिल्या वेळी पुरुषी वाटला होता, तो आता धारदार लागला आणि अक्कांनी आपलं 'नको' खोडून 'हवं' केलं. धुना सगळ्यांना आवडल्या. पण 'सुस्त' लिहिणाऱ्या पाचांतले चार 'सुस्त'वरच ठाम राहिले. यंत्र सुधारलं तरी मत सुधारलं नाही, म्हणजे मूळ दुखणं पट्ट्यात नव्हतं.

दुसऱ्या शनिवारचं खरं धन निघालं ते हॅमरच्या धुनांमध्ये. त्यावर थोडा रेंगाळतो.

बेळगाव हे पेटीचं गाव आहे. पं. रामभाऊ विजापुरे इथलेच, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची, त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांची इथे वाण नाही. पेटीवरचा जुना आक्षेप इथल्या प्रत्येक पेटीवाल्याला पाठ असतो: तिच्यात मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्टी दाबली की सूर जिथं आहे तिथंच. याच कारणांवरून आकाशवाणीनं 1940 साली पेटीला दार बंद केलं होतं आणि ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. मास्तरांच्या तरुणपणीची ही जखम. आणि इथं तबकडीवर पट्ट्यांचंच वाद्य वाजत होतं, पण सूर गिटारच्या तारेसारखा वाकत होता. मास्तर अर्धवट उठून बसले. "अरे, ही पेटी मींड घेऊलालीय, बघा की!"

पोरानं माहिती काढली. यान हॅमर मूळचा प्रागचा, जन्म 1948. 1968 साली रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले त्या सुमारास तो अमेरिकेला गेला. गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनच्या 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'त 1971 ते 73 तो कीबोर्ड वाजवत होता. तिथं त्याची ओळखच ही झाली की कीबोर्डच्या कडेचं छोटं चाक डाव्या हातानं फिरवून तो सूर वाकवायचा आणि गिटारवाल्याला गिटारच्याच भाषेत उत्तर द्यायचा. मॅक्लॉफलिननं पुढे झाकीर हुसेन यांना बरोबर घेऊन 'शक्ती' काढलं हे आमच्या तबलेवाल्याला ठाऊक होतं, पण त्याच्या आधीच्या वाद्यवृंदातला माणूस पुढे पोलीस मालिकेला संगीत देत बसला हे नव्हतं. हॅमर दर आठवड्याच्या भागाचं पार्श्वसंगीत आपल्या घरच्या स्टुडिओत, जवळजवळ एकट्यानं करायचा. शीर्षक-धून जेमतेम अडीच मिनिटांची आहे. ती 1985 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एकट्यानं पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिला दोन ग्रॅमी मिळाले. शब्द नसलेली धून पहिली येणं हे तिथंही क्वचितच घडतं.

आमच्या वहीत दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या तीन धुनांना पहिल्या बाजूच्या गाण्यांपेक्षा जास्त 'हवं' मिळाले. हे मला फार बोलकं वाटलं. अशा अल्बममधल्या बिनशब्दांच्या तुकड्यांना भरताड समजण्याची सगळीकडे पद्धत आहे. तबकडी भरायला गाणी कमी पडली, घाला पार्श्वसंगीत. आम्हाला मात्र इंग्रजी शब्द अर्धेच कळत होते, प्रसंग माहीत नव्हते, मग शब्दांची आणि प्रसंगांची उणीव जिथं भासत नाही तिथंच आमचा कान टेकला.

गाण्यांपैकी ग्लेन फ्रायचं तस्करीवरचं गाणं कळीचं ठरलं. ते आधी त्याच्या 1984 च्या अल्बमात होतं. मग त्या गाण्याच्याच नावानं मालिकेचा एक भाग केला गेला आणि त्यात त्यानं स्वतः वैमानिकाचं काम केलं. म्हणजे इथं गाण्यावरून गोष्ट निघाली. पोरानं आशय सांगितला, माल इकडून तिकडे नेणारे, पकडले जाणारे, त्यांच्या जागी दुसऱ्या दिवशी उभे राहणारे नवे. मामांना अर्थ सांगावाच लागला नाही. "चोर्ल्याच्या घाटातलंच की हे," म्हणाले. गोव्याहून स्वस्त दारू आणणाऱ्या गाड्या आणि नाक्यावरची झडती हे ज्याच्या रोजच्या वाटेवर आहे त्याला मायामी लांब नाही. मामांचं मत 'नको'वरून 'हवं'वर आलं. याचं श्रेय घाटाचं, सुराचं नाही. मी वहीत तशी खूण करून ठेवली.

मेली मेलच्या रॅपवर आमच्याकडे जुंपली. अण्णांना ते गाणंच वाटेना. अक्का म्हणाल्या, "आमच्या गावाकडे गीगी पद म्हणतात ते काय गाणं नव्हे की काय? एकानं सवाल टाकायचा, झील धरणाऱ्यांनी तो उचलायचा, डफावर." उत्तर कर्नाटकातलं गीगी पद आपल्या शाहिरी लावणीचं सख्खं भावंड आहे. अण्णांनी वहीत लिहिलं: 'अक्कांच्या सांगण्यावरून हवं.' नियमभंग आहे, पण प्रामाणिक. चाका खानच्या गाण्यावर कुणी फार बोललं नाही. मीही बोलत नाही.

तिसऱ्या शनिवारी चित्र आलं.

इंजिनिअरिंगवाल्या पोरानं मालिकेच्या पहिल्या भागातला तो प्रसिद्ध प्रसंग शोधून आणला, ज्यावर फिल कॉलिन्सचं 1981 चं गाणं टाकलं आहे. सप्टेंबर 1984 मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. रात्रीचा रस्ता, उघडी मोटार, फिरणारं चाक, बॉनेटवरून सरकत जाणारे दिवे. दोघं पोलीस बसलेले आणि जवळजवळ गप्प. मध्येच एक जण थांबून फोनच्या डब्यातून दुरावलेल्या बायकोला फोन करतो. संवाद इतके थोडे की गाणंच बोलतंय असं वाटतं.

सुरू करण्याआधी अक्का उठल्या. "मी बघणार नाही. बघितलं की माझं गाणं जाईल." खाली जाऊन चहाचं आधण ठेवत बसल्या. तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला.

प्रसंग संपल्यावर ढोलवाला पोरगा दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "उशीर न्हवंच तो. ढोल आधी आला असता तर सगळं वाया गेलं असतं." मामा, 'रडूलालाय' लिहिणारे मामा, त्यांनी 'पुन्हा लावा' म्हटलं. उरलेल्या दोन 'सुस्त'वाल्यांचीही तीच गत. एका प्रसंगानं चार मतं फिरली, जी पट्ट्यानं हलली नव्हती. पण मी खोचून विचारलं, गाण्यात काय नवं ऐकलं? कुणालाच सांगता येईना. मोटारीबद्दल सांगत होते, रस्त्याबद्दल, त्या फोनबद्दल. माझंही तेच. त्यानंतर आजपर्यंत ते गाणं लागलं की मला ढोलाच्या आधी चाक दिसतं. अक्का वर आल्या, त्यांनी गाणं पुन्हा ऐकलं आणि लिहिलं: 'आवाज चांगला, पण मधली लांबण अर्धी चालली असती.' आमच्यात हे एकच मत आता गाण्यावरचं उरलं होतं.

अण्णांच्या जुन्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर इथं मिळालं. 1985 साली ज्यांनी अमेरिकेत हा अल्बम विकत घेतला त्यांच्या घरी शुक्रवारी रात्री ती मालिका लागत होती. त्यांच्यासाठी सुई टेकली की गाणं लागत नव्हतं, शुक्रवार लागत होता. आमच्यापाशी शुक्रवार नव्हता. म्हणून आम्हाला धुना मोठ्या वाटल्या आणि गाजलेली गाणी लांबलेली. यात त्यांचं चुकलं, असं मी म्हणत नाही. मालिकेचा अल्बम आठवणीसाठीच काढतात. पण असा अल्बम 'सलग ऐकला तर विस्कळीत वाटतो' ही तक्रार मी बाकी संमिश्र अल्बमांबद्दलही ऐकली आहे आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा मालिका न पाहिलेला निघतो. पाहिलेल्याला विस्कळीतपणा जाणवत नाही, कारण अकरा तुकड्यांना शिवणारा दोरा त्याच्या डोक्यात असतो. तबकडीवर तो नसतोच.

मास्तरांना हे पटेना. म्हणाले, "परक्याचं सोडा. आपलं लावून बघा." म्हणून चौथ्या शनिवारी फोनवरून आपल्या मालिकांची शीर्षकगीतं लावली.

पहिलं 'गोट्या' मालिकेचं. मधुकर आरकडे यांचे शब्द, अशोक पत्की यांची चाल. मी ती मालिका सुट्टीत पुण्याला माझ्या सख्ख्या मामाकडे पाहिली. चाल सुरू झाली आणि माझी पेन्सिल थांबली. मला मामाच्या घरचा तांबडा पडदा आणि भाजलेल्या शेंगांचा वास आठवत होता. चाल कुठल्या अंगानं जाते, ठेका कोणता, विचाराल तर ठार शून्य. मग 'आभाळमाया'. मंगेश कुळकर्णी यांचे शब्द, चाल पुन्हा पत्कींची आणि आवाज देवकी पंडित यांचा. 1999 मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि केबलवरून ती इकडे घरोघरी पोचली. पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावर चौकात भांडणं होत होती, त्या काळात संध्याकाळी त्या गाण्यावर गल्लीतली अर्धी दारं एकाच वेळी लोटली जायची. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या पत्नी ती मालिका चुकवत नसत. वहीत त्यांनी फक्त 'हवं' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

अक्कांनी यांतली एकही मालिका पाहिलेली नव्हती. त्यांनी दोन्ही गीतं पुन्हा लावायला सांगितली आणि जे बोलल्या ते आमच्यापैकी कुणाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. पत्कींची चाल पहिल्याच ओळीत पूर्ण होते, असं त्यांचं म्हणणं. मिनिटभरात मालिका सुरू व्हायची असते, उशिरा येणाऱ्याला सुद्धा चाल अर्धी मिळून चालत नाही, म्हणून मुखड्यातच सगळं दिलं आहे. देवकीताईंच्या आवाजाबद्दल म्हणाल्या, "ही बाई गाणं शिकलेली आहे हे लपवत्येय. हे अवघड असतं." मास्तरांनी मान हलवली. ते स्वतः हे सांगू शकले असते. त्यांनी ती मालिका पाहिली होती.

मग ढोलवाल्यानं, मुद्दाम की सहज कोण जाणे, 'मालगुडी डेज' लावलं. शंकर नाग यांनी आगुंब्यात चित्रित केलेली मालिका, एल. वैद्यनाथन यांचं संगीत आणि शब्दांशिवाय गुणगुणलेली ती धून. ही आमच्यापैकी सगळ्यांनी पाहिलेली, कानडी घरांनी आणि मराठी घरांनीही, पोरांनी पुढच्या काळात पुनःप्रक्षेपणात. अक्का पहिल्या सुराला हसल्या आणि गुणगुणायला लागल्या. मास्तरांनी पेटी ओढली आणि साथीला बसले. यावेळी पट्टी पहिल्या झटक्यात सापडली.

वही उघडीच होती. मत लिहायची आठवण मी केली नाही, कुणी विचारलंही नाही. चहा थंड झाल्यावर अक्कांनी तो पुन्हा गरम करायला नेला, जिना उतरताना गुणगुणणं चालूच होतं.